कंपायलर बसत नव्हता

सोमवारी सकाळी सरांना कॉलेजच्या कमिटीसमोर मशीनवर काम करून दाखवायचं होतं, आणि रविवारी दुपार होत आली तरी त्यांच्या घरच्या मशीनवर कंपायलर बसत नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची, धुळ्याची. सरांनी मला डिप्लोमाला प्रोग्रामिंग शिकवलं होतं. मी तोवर जळगावात नोकरीला लागले होते, एका कॉम्प्युटर क्लासची मशीनं सांभाळायची. सरांचे डोळे साखरेने गेले. आधी एक अंधुक झाला, मग दुसरा, आणि त्या पावसाळ्यात त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळू लागला. कॉलेज खासगी. कमिटीने कळवलं की आपण शिकवू शकता असं आमच्या समोर दाखवा, नाहीतर कार्यमुक्त करावं लागेल. कार्यमुक्त हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. माणसाला घरी बसवायचं आणि वर मुक्त म्हणायचं.

उपाय सरांनीच शोधला होता. लिनक्सवर चालणारा एक प्रोग्राम होता, जो पडद्यावरची ओळ इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवायचा. तो फुकट मिळायचा, पण तयार नाही. ज्याने लिहिला त्याने जसा लिहिला तसा, कच्चा. तो आपल्या मशीनवर नेऊन कंपायलरमधून काढायचा, म्हणजे मशीनला समजेल असं त्याचं रूप तयार होतं. सरांच्या घरचं मशीन जरा दमदार होतं, म्हणून बांधकाम तिथे करायचं आणि तयार माल फ्लॉपीवर घालून कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायचा, असं ठरलं. दोन्हीकडे लिनक्स मीच गणपतीत बसवून दिलं होतं, एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. तेव्हा सरांच्या डिस्कवर अजून जागा करायची होती म्हणून तिथला कंपायलर वगळला. लागेल तेव्हा टाकू म्हटलं. लॅबमध्ये तो होता, पण रविवारी लॅब बंद. पुण्याच्या एका मित्राने प्रोग्रामच्या फ्लॉप्या पाठवल्या त्या शनिवारी पोचल्या, आणि रविवारी पहिल्या एसटीने मी धुळ्यात.

सर देवपुरात राहत. मी गेले तेव्हा ते मशीनसमोर खुर्ची टाकून तयारच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जणू कमिटी आजच येणार. सीडी त्यांनी स्वतःच ड्राइव्हमध्ये घालून ठेवली होती. सीडी कडेने धरायची, बोट लागू द्यायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं, आणि डोळे गेल्यावर तर ते कोणालाच हात लावू देत नसत. स्वच्छ आहे ना, मी विचारलं. मीच ठेवलीय, ते म्हणाले. वर्गात त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की ती तपासायची सवय आम्हाला नव्हती.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. मी टाइप करायचं, पडद्यावर आलेलं वाचायचं, सरांनी ऐकायचं आणि पुढे काय ते सांगायचं. नियम एकच. ‘पडद्यावर आहे तेवढंच वाच. शब्द खाऊ नकोस, आणि पदरचे घालू नकोस.’ विद्यार्थी असताना मी एररचा पहिला शब्द वाचून बाकीचा अंदाजाने ठोकून द्यायची, त्यावरून खूप बोलणी खाल्ली होती. त्यामुळे त्या दिवशी मी स्वल्पविरामसुद्धा वाचत होते.

कंपायलरचं पॅकेज, म्हणजे सीडीवरचा त्याचा गठ्ठा, टाकलं. नकार आला. त्याला आधी दुसरं एक पॅकेज हवं होतं. ते टाकायला गेले तर त्याला तिसरं. तिसऱ्याला चौथं. मारुतीचं शेपूट. मला असल्या कामात पटकन राग येतो. हवं ते सगळं एकदम सांगून टाका ना, असं माझं पडद्याशी भांडण सुरू झालं. सर शांत होते. त्यांनी एकेक नाव माझ्याकडून वदवून घेतलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं, तळापासून चढत ये. कर्नलच्या हेडर फाइली आधी, मग लिंकर, मग सी लायब्ररीचा बांधकामाचा भाग, आणि शेवटी कंपायलर. पहिली दोन पॅकेजं निमूटपणे बसली. मला वाटलं, झालं आता.

लायब्ररीच्या पॅकेजवर घोडं पेंड खाऊ लागलं. बसायला सुरुवात व्हायची, पडद्यावर चौकोनांची रांग अर्ध्यापर्यंत सरकायची, ड्राइव्ह घरघरायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायचा, आणि मग ओळ यायची की पॅकेज उघडता आलं नाही. मी पुन्हा टाकलं. तेच. डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं तर जागा होती. मेमरी खराब असेल म्हणून मशीन उघडलं, पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबराने घासली, बसवल्या. तेच. ड्राइव्हची केबल काढून लावली. तेच. खाली पडलेला स्क्रू मिळेना तेव्हा टेबलाखाली वाकून शोधताना माझं डोकं आपटलं आणि तोंडातून जे निघालं ते सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरचं कळत होतं. त्या दर थोड्या वेळाने येऊन नुसतं बघून जात. विचारत नव्हत्या, आणि ते न विचारणं मला जास्त जड जात होतं.

मग मी तो आडमार्ग काढला जो सगळेच काढतात. पॅकेजला सांगता येतं की बाकीचं असो नसो, तू बस. सर नको म्हणाले. बसेल, पण चालणार नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, सर, करून तर बघू. आणि केलं. कंपायलर बसला. मी उत्साहात दोन ओळींचा प्रोग्राम लिहून त्याच्या तोंडी दिला आणि त्याने लगेच बाहेर टाकला, हेडर फाइल सापडत नाही म्हणून. ती सी लायब्ररीची हेडर फाइल त्या न बसलेल्या पॅकेजात होती. खुर्चीच्या हातावर सरांची बोटं जोरात वाजत होती. मी तो बसवलेला कंपायलर मुकाट्याने काढून टाकला.

आणि लाईट गेली.

रविवारी दुपारी आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. यूपीएस ओरडू लागला, मी धावपळ करून मशीन नीट बंद केलं. पंखा थांबला. खोली तापू लागली. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. ‘दोन घास खाई ले माय, उपाशीपोटी डोकं चालत नही.’ मी भाकरी नुसती कुसकरत बसले. सरांनी मात्र व्यवस्थित जेवून घेतलं, आणि जेवताना, कोणी विचारलं नसताना, म्हणाले की धरणगावला त्यांच्या भावाचं किराणा दुकान आहे, बसायला जागा आहे, तिथे माणसं ओळखीची आहेत. काकूंनी ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच.

मला तेव्हा खरंच भीती वाटली. सर दुकानात गल्ल्यामागे बसलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या आवाजावरून माणूस ओळखतायत आणि लोक कौतुक करतायत, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसाने आम्हाला पॉइंटरसारखा प्रोग्रामिंगचा अवघड भाग शिकवला तो माणूस. मी उठून हात धुतले आणि ओट्यापाशी उभी राहून थोडी रडले. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पाठ वळवली.

लाईट आली तेव्हा उन्हं कलली होती. मी डोकं थंड ठेवायचं ठरवलं. एकेक पॅकेज बसवत बसण्यापेक्षा सीडीवरची सगळीच पॅकेजं डिस्कवर कॉपी होतात का ते बघू म्हटलं. कॉपी लावली. बरीचशी आली. काही अडली. अडलेल्यांची नावं मी सरांना वाचून दाखवली, पडद्यावर होती तशी, एकामागून एक. वाचता वाचता माझ्याच लक्षात आलं की ती यादीत विखुरलेली नव्हती. सगळी शेजारी शेजारी होती. त्यांच्या आधीची सगळी धडधाकट, नंतरची सगळी धडधाकट, मधली तेवढी गेलेली. म्हणजे दुखणं ड्राइव्हला नव्हतं, मेमरीला नव्हतं. सीडीच्या एका जागेला होतं.

‘हं,’ सर म्हणाले. मग त्यांनी काकूंकडे पाणी मागितलं.

मी ट्रे उघडला. सीडी वरून चकचकीत होती, मासिकाचं चित्र, एक ओरखडा नाही. ती कडेने धरून उलटी केली. चमकत्या बाजूवर, मधल्या भोकापासून थोडं बाहेर, कुंकवाचा टिळा होता. ओल्या बोटाने लावलेला, वाळलेला, खाली हळदीची पिवळी कड. एका बाजूला जरा ओघळलेला.

दसरा नुकताच झाला होता. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला सरांकडे मशीनची पूजा होते हे मला ऐकून माहीत होतं, पण आमच्या घरी ते काही नव्हतं. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. कुंकू आमच्या घरात यायचंच नाही. त्यामुळे खंडेनवमीला काय कुठे लावतात, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. मला एवढंच दिसलं की न दिसणाऱ्या माणसाने चाचपडत पूजा केली आणि बोट चुकीच्या बाजूला टेकलं. वर चित्र, खाली आरसा. डोळस माणूस चित्रावर लावेल, आणखी कुठे लावेल?

काकू पाणी घेऊन माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्या माझ्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाल्या, ‘पुसी टाक. त्यासले सांगू नको.’ आणि कपाटातून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढून माझ्या हातात दिला.

सांगायचं तरी कसं? उद्या हा माणूस चार लोकांना पटवून देणार होता की हाताने, कानाने मला सगळं कळतं. आज त्याला सांगायचं की तुमच्याच बोटाने तुमचा दिवस खाल्ला? मी कापड किंचित ओलं केलं आणि मधून बाहेरच्या दिशेने पुसत गेले. लाल पाणी आलं, मग गुलाबी, मग काही नाही.

‘काय होतं?’ सरांनी विचारलं.

‘ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ होती, सर.’

‘धूळ.’

‘हो.’

‘बरं. पुढे चल.’

पुढे सगळं सरळ झालं. लायब्ररी बसली, चौकोनांची रांग शेवटपर्यंत गेली. त्यावर कंपायलर बसला. दोन ओळींचा प्रोग्राम चालला. मग पुण्याच्या फ्लॉप्यांमधला तो कच्चा माल घातला, आणि पडदाभर ओळी धावू लागल्या. मध्ये दोन ठिकाणी अडलं, पण ती साधी दुखणी होती, सरांनी बसल्या जागी सांगितली. शेवटी मी एक ओळ टाइप केली आणि स्पीकरमधून नाकात बोलणारा एक परदेशी पुरुष म्हणाला, गुड इव्हिनिंग सर. काकू दचकल्या. ‘बाई वं, हाऊ कोन शे?’ सर हसले. त्या दिवसात पहिल्यांदा हसले, पण माझ्या दिशेने नाही, स्पीकरच्या दिशेने. मला वाटलं दमले असतील. मी फ्लॉप्या भरून घेतल्या, दोन-दोन प्रती, आणि रात्री त्यांच्याकडेच राहिले.

सोमवारी लॅबमध्ये कमिटीची माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसली होती. प्राचार्य, दोन सभासद, आणि अध्यक्ष, एक वयस्कर गृहस्थ, धरणगावकडे त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, सरकी काढायचा कारखाना. सगळे त्यांना आबा म्हणत. मी कोपऱ्यातल्या मशीनवर प्रोग्राम चढवला आणि बाजूला झाले.

सरांनी प्रोग्राम लिहिला. नाकातला माणूस ओळ ओळ वाचत गेला. त्यांनी मुद्दाम एक चूक ठेवली, कंपायलरने ती पकडली, आवाजाने वाचली, सरांनी दुरुस्त केली. एका सभासदाने मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात प्राचार्यांनी विचारलं, सौम्यपणेच विचारलं, की हे ठीक आहे, पण मशीनच बिघडलं, जिथे आवाजच येत नाही, तिथे आपण काय करणार?

सरांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, ‘कालचंच सांगतो.’

आणि त्यांनी सगळं सांगितलं. तळापासून. कुठलं पॅकेज बसलं, कुठलं अडलं, मेमरी का नव्हती, केबल का नव्हती, आडमार्ग का चालला नाही. अडलेली नावं शेजारी शेजारी निघाली इथवर आले आणि थांबले. धूळ म्हणा, मी मनात म्हणत होते. धूळ म्हणा आणि संपवा.

‘माझ्या विद्यार्थिनीने मला सांगितलं की लेन्सवर धूळ होती. धूळ नव्हती. धुळीने शेजारशेजारचीच पॅकेजं जात नाहीत. सीडीवर कुंकू होतं, आणि ते मी लावलं होतं.’

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. एका सभासदाने दुसऱ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला कळली. गेलं, मी मनात म्हटलं. स्वतःच्या हाताने घालवलं.

सर म्हणाले, ‘हिला वाटलं, मला दिसलं नाही म्हणून बाजू चुकली. बाजू चुकली नाही. विळ्याला टिळा आपण धारेवर लावतो, मुठीवर लावत नाही. सीडीची धार म्हणजे ती चमकती बाजू. मी डोळे असताना लावला असता तरी तिथेच लावला असता. सीडी लहानसहान डाग सांभाळून घेते, असं मीच वर्गात शिकवतो, तेव्हा एवढ्याशा ठिपक्याने काय होतं, असा माझा हिशेब होता. हिशेब चुकला. आणि ठिपका ओघळून पसरला असणार, ते मला दिसलं नाही. तेवढं मात्र डोळ्यांचं.’

बाहेर पोरांचा गलका चालला होता. मी अध्यक्षांकडे पाहत होते, कारण बाकीचेही त्यांच्याकडेच पाहत होते.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘आमच्याकडे दसऱ्याले जिनच्या पात्यावरच लावतात,’ ते म्हणाले. ‘मग पहिला कापूस लाल निघतो. तो बाजूला काढतो आम्ही.’ मग प्राचार्यांकडे वळून त्यांनी विचारलं की पेपर तपासायला कोणी सोबत देता येईल का. बाकी मला अडचण दिसत नाही, म्हणाले. प्राचार्य म्हणाले, देता येईल. एवढ्यावर ते झालं.

सरांचा हात धरून मी त्यांना गेटपर्यंत आणलं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. रिक्षाची वाट बघत आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. मी म्हटलं, तुम्हाला कधी कळलं?

‘तू नावं वाचलीस तेव्हाच.’

‘मग तेव्हाच का नाही म्हणालात?’

‘तू काय वाचतेस त्याची वाट बघत होतो.’

ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, पण थोडं बाजूला, आवाज जिथून येतो असं वाटत होतं तिथे.

‘दिवसभर स्वल्पविरामसुद्धा वाचलास,’ ते म्हणाले. ‘आणि नेमकं तेवढंच गाळलंस.’

मग मात्र माझा तोल गेला. मी भांडलेच. म्हटलं, आणि त्यांनी काढलं असतं तर? एका टिळ्यापायी? कोणी मागितलं होतं तुम्हाला ते खरं? धुळीने काय बिघडत होतं? गेटवरचा वॉचमन आमच्याकडे बघायला लागला, इतकी मी आवाज चढवून बोलले.

सरांनी मला बोलू दिलं. रिक्षा आली, मी त्यांचा हात दांड्यावर ठेवला. आत बसल्यावर ते म्हणाले, ‘काढलं असतं तर धरणगावला जाऊन दुकानात बसलो असतो. पण का बसलो, ते मला माहीत असतं. तू आणि तुझ्या काकूंनी मिळून तेवढंही ठेवलं नव्हतं मला.’

रिक्षा पुलाच्या दिशेने गेली. मी स्टँडवर येऊन जळगावची गाडी पकडली. पिशवीत हात घातला तर जुन्या लुगड्याचा तो तुकडा माझ्याकडेच राहिला होता, मधोमध गुलाबी.